न आलेली पोच

१

मी कामावर पाऊल ठेवलं की तक्रार माझ्या स्वागताला दारातच उभी असते. प्रिंटरमध्ये कागद अडकला, बोलवा सर्व्हरबाईला. कीबोर्डवर चहा सांडला, बोलवा सर्व्हरबाईला. एकदा तर खिडकीची कडी लागेना म्हणून मला बोलावलं होतं. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागातले कॉम्प्युटर आणि मागच्या खोलीतला सर्व्हर सांभाळणं एवढंच माझं काम आहे, पण ते ऐकायला कुणाला सवड आहे?

त्या आठवड्यात तक्रार एकच होती: रिपोर्ट सेव्ह व्हायला फार वेळ लागतो. टायपिस्टकाका बटण दाबत, हात चोळत बसत, उठून पाय मोकळे करून येत, तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतच असे.

आमची पद्धत अशी आहे. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकातून बघत बोलतात, काका टाइप करतात, आणि रिपोर्ट मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर जातो. 'डिस्कवर लिहिलं' अशी पोच सर्व्हरने दिली, की मगच काकांचा स्क्रीन सुटतो आणि मगच तो रिपोर्ट वॉर्डात नि ऑपरेशन थिएटरात दिसतो. पोच नाही, तर रिपोर्ट नाही. तोंडी निकालही चालत नाही. फोनवर सांगितलेल्या निकालावरून पूर्वी एकदा नको ते होऊन बसलंय, तेव्हापासून स्क्रीनवर दिसेल तोच निकाल, असा कडक नियम आहे.

ज्यांनी सर्व्हर विकला त्या कंपनीच्या माणसाला मी फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, नेटवर्क बघा." नेटवर्कवाले म्हणाले, "सर्व्हर बघा." दोघांनी एकमेकांकडे बोटं दाखवायची आणि शिव्या मात्र मी खायच्या. शेवटी मीच पदर खोचला. केबल बदलल्या, स्विच बदलला, डिस्क तपासल्या. सगळं ठणठणीत होतं. मग नुसत्या शून्यांनी भरलेली भलीमोठी फाइल पाठवून पाहिली, ती चुटकीसरशी गेली. आणि काकांचा पानभर रिपोर्ट जागचा हलेना.

"छोट्या फाइलींना प्रत्येकीला वेगळी पोच लागते ना मॅडम," कंपनीवाला फोनवर म्हणाला. "नॉर्मल आहे."

नॉर्मल! या शब्दाने ज्यांची सुटका होते, त्यांचा मला मनापासून राग येतो.

२

मी हट्टाला पेटले. एक जुना रिपोर्ट घेतला आणि पुन्हा पाठवला. रेंगाळला. मग त्याच रिपोर्टातली अक्षरं उलटीसुलटी केली. आकार तोच, अक्षरं तीच, फक्त अर्थ नाही. लगेच गेला. अक्षरं पुन्हा जागच्या जागी लावली. रेंगाळला.

सर्व्हरला काय फरक पडतो? त्याच्या लेखी सगळं म्हणजे शून्य आणि एक हे दोनच आकडे. शब्दाला अर्थ आहे की नाही, हे त्याला कळायचं कारण नाही. मी पुन्हा करून पाहिलं, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून केलं, मग चष्मा पुसून केलं.

मागची खोली म्हणजे बिनखिडकीची कोठी आहे. पंख्यांची घरघर असते, गार हवा पायाशी येते, आणि कपाटात डिस्कचे हिरवे दिवे लुकलुकत असतात. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि काकांना सेव्ह करायला सांगितलं. दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. मोठा वैद्यकीय शब्द आला असावा तिथे जरा जास्त थांबला. माझा दादा पेपर वाचताना अवघड शब्दाशी असाच अडतो, ओठ हलवतो आणि पुढे जातो.

कुणीतरी वाचत होतं.

माझं डोकं सणकलं. लोकांचे आजार लिहिलेले असतात त्यात! बाहेरून कुणी घुसलंय म्हणून मी बाहेरची लाइनच उपटून टाकली. आता त्या इमारतीबाहेरचं कुणीही आत डोकावू शकत नव्हतं. काकांनी सेव्ह केलं. दिवा लुकलुकला आणि थांबला.

३

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी बाहेरची लाइन परत जोडली आणि काकांच्या खुर्चीत बसले. नवीन फाइल उघडून लिहिलं, "कोण वाचतंय?" आणि सेव्ह केलं. लगेच गेलं. प्रश्नाबद्दल त्याचं काही म्हणणं नसावं.

"आज मंगळवार आहे." गेलं.

"आज शुक्रवार आहे." चक्र फिरत राहिलं. शेवटी मी कंटाळून फाइल मारून टाकली.

मग माझं वय लिहिलं, चारचौघांत सांगते ते. अडकलं. खरं लिहिलं तेव्हा गेलं. आता माझ्या वयात नाक खुपसणारा हा कोण टिकोजीराव? मला इतका राग आला की भीती वाटायची राहूनच गेली. "कंपनीवाला उद्या नक्की येणार आहे," असं मी ठोकून दिलं. तेही अडकलं. आणि दुसऱ्या दिवशी कंपनीवाला आला नाहीच, पण त्यात नवल ते काय? तो कधीच येत नाही.

योगायोग आहे, असं मी स्वतःला सांगितलं. एखादी डिस्क खराब होत असेल, नेमकी त्याच वेळी अडखळत असेल. आमच्या कामात याहून विचित्र गोष्टींना साधी कारणं निघाली आहेत.

घरी मी हे फक्त दादाला सांगितलं. दादा-वहिनी आणि मी एकाच घरात राहतो. दादा लोकांना मोटार चालवायला शिकवतो, आणि त्याचं बोलणं जगात सगळ्यांत संथ आहे. ब्रेक दाबू का, असं शिकणाऱ्याने विचारलं तर याचं उत्तर येईपर्यंत गाडी भिंतीला टेकलेली असते, ही वहिनीची नेहमीची थट्टा. त्याने सगळं ऐकलं. डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं, गेल्या काही महिन्यांत गळ्यावर आलेल्या गाठीवरून हात फिरवला. वहिनी भांडी आवरून परत आली तेव्हा म्हणाला, "मग... पगार कुणाच्या नावाने काढता... त्याचा?"

मी हसले. गाठीकडे बघायचं मात्र टाळलं.

४

त्यानंतर एका बाईंचा रिपोर्ट सबंध सकाळ अडकून पडला. वॉर्डातून फोनवर फोन येत होते. डॉक्टरबाई माझ्या डोक्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, पेशंटला आत घ्यायचं खोळंबलंय! तुझं हे यंत्र आहे की दगड?"

मी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही स्लाइड एकदा परत बघाल का?"

"चालत नाही तुझा सर्व्हर, आणि स्लाइड मी बघू?"

त्यांचं चिडणं रास्तच होतं. त्यांच्या जागी मी असते तर काहीतरी फेकून मारलं असतं. पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. त्या तणतणत गेल्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, मग स्लाइडवरची चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"काका," त्या म्हणाल्या, "उजवा लिहिलंय तिथे डावा करा."

काकांनी शब्द बदलला, बटण दाबलं, आणि बोट उचलायच्या आत स्क्रीन सुटला.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नेटवर्क सुटलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो, सुटलं," मी म्हणाले.

काका पुढचा रिपोर्ट लावू लागले. त्या बाईंची चांगली बाजू कापली जाता जाता वाचली होती, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला झाला संताप. आमची चूक आम्ही शोधू, नाहीतर निस्तरू. कपाटात बसून आम्हाला तपासायला याला नेमलं कुणी?

५

दादाची गाठ स्वरयंत्राला चिकटून होती. गळा उघडायचा, तुकडा काढून आमच्याकडे पाठवायचा, आणि आमचा निकाल येईपर्यंत त्याला तसाच टेबलावर ठेवायचा, असं ठरलं होतं. रोग असेल तर स्वरयंत्रच काढणार. नसेल तर नुसती गाठ काढून टाके. म्हणजे दादाचं ते संथ, चिडवणारं बोलणं राहणार की कायमचं जाणार, हे काकांनी टाइप करायच्या एका ओळीवर होतं. वहिनी थिएटरबाहेर बाकावर बसली. मी सर्व्हरपाशी थांबले, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नव्हता.

तुकडा आला. तो गोठवला, कापला, रंगवला. डॉक्टरबाई बघत होत्या आणि मी त्यांच्या खांद्याकडे बघत होते. खांदे खाली आले.

"रोग नाही," त्या म्हणाल्या. "घ्या काका, रोग आढळला नाही."

मला तिथेच रडू फुटलं. काकांनी टाइप केलं, बटण दाबलं. चक्र फिरू लागलं.

फिरतच राहिलं.

भिंतीवरच्या इंटरकॉमवरून सर्जनांचा आवाज आला. "निकाल कुठाय? पेशंट उघडा आहे माझा!" त्यांच्या मागे दादाच्या हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र टिक टिक करत होतं.

"डॉक्टर," मी म्हणाले.

त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी पुन्हा पाहिलं. शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पाहिलं. "स्वच्छ आहे गं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "शपथेवर सांगते, या तुकड्यात काहीही नाही!"

"तोंडी घ्या ना हो!" मी इंटरकॉमवर ओरडले.

"स्क्रीनवर द्या!" सर्जन ओरडले. मग त्यांचं बोलणं मध्येच तुटलं. टिकटिकही तुटली. त्या जागी एक लांब, सपाट आवाज आला आणि तो संपेचना.

इंटरकॉमची शिट्टी आहे, मी मनाशी म्हणाले. तो जुना डबा नेहमीच शिट्टी मारतो. पण मी मागच्या खोलीकडे पळत सुटले होते.

सर्व्हरमध्ये एक सोय असते. डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबू नकोस, आधी 'लिहिलं' म्हणून सांग आणि मग सवडीने लिही, असं त्याला सांगता येतं. सगळं कसं वाऱ्यासारखं पळतं. आणि जिथे माणसांचे जीव गुंतलेले असतात तिथे या सोयीला हात लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. कारण ती पोच खोटी असते. मजकूर नुसता मेमरीत तरंगत असतो. सगळ्यांना दिसतो, पण लिहिलेला कुठेच नसतो. वीज गेली की गेला.

माझ्यासमोर हिरवे दिवे स्थिर होते. एकही लुकलुकत नव्हता. वाचणं केव्हाच संपलं होतं, आता कुणीतरी नुसतं मुकाट बसलं होतं.

"माझ्या भावाला अडवणारा तू कोण रे?" मी त्या कपाटाला मोठ्याने विचारलं आणि सेटिंगमधला एक शब्द बदलून ती सोय चालू केली.

"गेलं! गेलं!" पुढून काका ओरडले. इंटरकॉमवर टिक टिक सुरू झाली.

"दिसलं," सर्जन अगदी साध्या आवाजात म्हणाले. "स्वच्छ आहे. गाठ काढून बंद करतो."

नंतर जिन्यात भेटले तेव्हा हसले. "मध्ये पेशंटच्या बोटावरची क्लिप निसटली होती. तुम्ही घाबरलात की काय?"

६

सर्व्हर आता पळत होता. लोक माझी स्तुती करायला लागले. कंपनीवाल्यानेसुद्धा फोनवर, "बघा, म्हटलं नव्हतं?" असं विचारलं. काय म्हटलं होतं, देव जाणे.

डिस्कवर जायचं काय काय बाकी आहे, हे मला बघता येतं. सगळे रिपोर्ट यथावकाश जात होते. एक जात नव्हता, दादाचा. पुढे दादाच्या त्याच गाठीचा सविस्तर रिपोर्ट आला. तोही स्वच्छ होता. तोही बाकीच राहिला.

दादा घरी आला. आवाज शाबूत होता, फक्त गळ्यावर पट्टी. वहिनीने शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आनंद साजरा केला.

"दादा, दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

मी पुढच्या उत्तराची वाट बघत राहिले. डोकं खाजवणं, छत, काहीतरी टोमणा. काही नाही. उत्तर येऊन गेलं होतं.

"बोलणं सुधारलं हो तुझ्या दादाचं," वहिनी हसून म्हणाली. दोन-तीन दिवसांनी ती हसेनाशी झाली. "औषध घेतलं का?" विचारलं की तो लगेच "घेतलं" म्हणे, आणि गोळ्यांची पाकिटं न फोडलेली असत. "जेवलात?" "जेवलो." ताट भरलेलं. "आंघोळ?" "झाली." टॉवेल कोरडा.

मी गोळ्यांचं पाकीट त्याच्यापुढे धरलं. "हे काय मग?"

"घेतलं ना," तो म्हणाला. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मला ओळखता येतो, आयुष्यभर कंपनीवाल्यांशी गाठ पडली आहे. तो खोटं बोलत नव्हता. माझ्याकडे मायेने बघत होता.

ऑपरेशनचा धक्का असतो, असं सर्जन म्हणाले. असेल. असायलाच पाहिजे.

७

आणि आज कंपनीवाला आला! इतके दिवस हातापाया पडले तेव्हा आला नाही, आज न बोलावता बॅग घेऊन हजर.

"मॅडम, दोन फाइली अडकून बसल्यात, आम्हाला तिकडे दिसतं," तो म्हणाला. "रीस्टार्ट करतो. मेमरी साफ होईल, मशीन ताजंतवानं होईल."

"आणि डिस्कवर न गेलेलं?"

"ते पुसलं जाणार. दोनच तर आहेत, पुन्हा टाइप करा."

त्याला चहाला पाठवून मी मागच्या खोलीत आले आणि दाराला आतून कडी घातली. डिस्कच्या एका रिकाम्या कप्प्यापुरती जुनी पद्धत परत लावली, पोच आल्याशिवाय हलायचं नाही ती. आणि टाइप करायला लागले.

"दादाला रोग नाही." अडकलं.

मी डोळे मिटले आणि उलटं लिहिलं. "दादाला रोग आहे." अडकलं! मी टेबलावर हात आपटून हसले. म्हणजे यालाच काही कळत नाही, उगाच मी या डबड्याला इतके दिवस घाबरले.

"दादा घरी आहे." अडकलं.

"आज सकाळी वहिनीने दार उघडलं." गेलं.

"दादा खिडकीपाशी बसला होता." अडकलं.

मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ऊन त्याच्या पट्टीवर पडलं होतं. "मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला," असं मी लिहिलं, आणि चक्र फिरत राहिलं, आणि माझ्या तळहाताला अजून त्याच्या सदऱ्याचं सूत आठवत होतं.

आता एकच वाक्य लिहायचं उरलं आहे, थिएटरातल्या त्या लांब, सपाट आवाजाबद्दलचं. ते बोट उचलायच्या आत जाईल, हे मला माहीत आहे. मी ते लिहिणार नाही. मरेपर्यंत लिहिणार नाही. कपाटातल्या कुणाला माझा भाऊ मान्य नसेल तर नसू दे, मला आहे, वहिनीला आहे, तेवढं पुरे!

बाहेर दार वाजतंय. "मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे," कंपनीवाला म्हणतोय. डॉक्टरबाईही आल्या आहेत. "अगं, असं काय करतेस? उघड बघू." काका कुणालातरी पहार आणायला सांगताहेत. आणा. मी कपाटाच्या दाराला पाठ लावून खाली बसले आहे. या मशीनला कुणी हात लावला तर मी त्याचा हात मोडीन, हे मी त्यांना ओरडून सांगितलंय.

फोन वाजतोय. घरचा नंबर. वहिनी असेल.

वहिनी नाही.

"दादा," मी म्हणते. दाराची कडी हादरते आहे. मला एकच विचारायचंय, आणि ते शब्द तोंडातून निघत नाहीत. "दादा, तू..."

"हो," तो म्हणतो.